रस्त्याचं व्याकरण – ७ : हात दाखवून सुलक्षण

मागच्या मंगळवारी संध्याकाळी पौड रस्त्यावर माझ्या स्कूटरपुढे एक पांढरी मोटार चालली होती. चालता चालता तिचा वेग उतरला, मागचे लाल दिवे लागले. पुढे गतिरोधक असेल असं मी समजलो आणि डावीकडे मोकळी जागा दिसली म्हणून तिथून पुढे सरकलो. नेमकं तेव्हाच मोटारीचं नाक डावीकडे वळलं, एका सोसायटीच्या फाटकाकडे. मी ब्रेक दाबला. स्कूटर थांबली, पायाशी ठेवलेली भाजीची पिशवी थांबली नाही. किलोभर टोमॅटो रस्ताभर झाले. मोटारीची काच खाली आली आणि आतल्या गृहस्थांनी विचारलं, "अहो, वळतोय ते दिसत नाही का?"

दिसत होतं. वळताना सगळ्यांनाच दिसतं. डावीकडून पुढे काढणं ही माझी चूक होती आणि टोमॅटो वेचता वेचता ती मी कबूलही केली. पण 'वळतोय' हे क्रियापद घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. त्या गृहस्थांचा काळ चुकला होता.

गेल्या आठवड्यात आपण हॉर्न पाहिला. हॉर्न म्हणजे रस्त्याच्या व्याकरणातलं केवलप्रयोगी अव्यय: अरे, अबब, शी! इंडिकेटर हा त्याच व्याकरणातला भविष्यकाळ आहे. तो 'वळतोय' म्हणत नाही, 'वळणार आहे' म्हणतो. चाकं वळू लागल्यावर लागलेला दिवा खरा असतो, पण तोवर बातमी शिळी झालेली असते.

हाताचे पाच शब्द

दिव्याच्या आधी हात होता. १९८९ च्या रस्ता-नियमावलीत चालकाच्या उजव्या हाताला पाच इशारे नेमून दिलेले होते. हात बाहेर काढून तळवा जमिनीकडे ठेवून वरखाली हलवला, तर 'वेग कमी करतोय'. हात कोपरातून उभा धरला, तर 'थांबतोय'. हात सरळ आडवा, तळवा पुढे, तर 'उजवीकडे जाणार'. आडवा हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवला, तर 'डावीकडे वळणार'. आणि आडवा हात पुढे-मागे अर्धवर्तुळात हलवला, तर 'मागच्या दादा, तुम्ही पुढे जा'.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं १२१ वं कलम इशाऱ्यांचं आहे आणि त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीला वळण्या-थांबण्याचा इशारा यंत्राने देण्याची त्यात मुभा आहे, तर डाव्या बाजूला स्टिअरिंग असेल तर यंत्राची सक्ती आहे. उघड आहे, अशा गाडीच्या चालकाचा हात रस्त्याच्या मध्याकडे पोचणारच नाही. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात मूळ इशारा हाताचा होता आणि दिवा हा त्याचा मुखत्यार.

हा मुखत्यार यायला बराच वेळ लागला. मूकपटांच्या काळातली अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४ च्या सुमारास आपल्या मोटारीला बटणाने वर येणारी एक निशाणी बसवली होती. पुढे युरोपातल्या मोटारींच्या बाजूंना छोटे हात आले. वळायच्या वेळी रेल्वेच्या सिग्नलसारखे ते बाहेर पडायचे. १९३९ मध्ये ब्यूइकने अमेरिकेत उघडझाप करणारे दिवे गाडीसोबतच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०२ क्रमांकाचा नियम या दिव्याचं वर्णन करतो: रंग पिवळसर नारिंगी, उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही आणि १२० पेक्षा जास्त नाही. रंगाची अट उगीच नाही. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असला तरी चालतो. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००९ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नारिंगी इंडिकेटरच्या गाड्यांना मागून धडक बसण्याचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी कमी निघालं. ब्रेकच्या लाल दिव्यांत लाल इंडिकेटर हरवून जातो.

मात्र हातातून दिव्यात येताना भाषांतर अपुरं राहिलं. 'कमी करतोय' आणि 'थांबतोय' हे दोन शब्द ब्रेकच्या दिव्याने घेतले. 'उजवीकडे' आणि 'डावीकडे' इंडिकेटरने घेतले. पाचवा शब्द, 'तुम्ही पुढे जा', त्याला दिवाच मिळाला नाही.

ट्रकवाल्यांनी तो शब्द सोडला नाही. दुपदरी महामार्गावर मोठ्या ट्रकच्या मागे अडकलात की एखादा भला चालक तुम्हाला साइड देतो, आणि ती देतो इंडिकेटरने. पण कोणत्या? काहींच्या बोलीत उजवा इंडिकेटर म्हणजे 'रस्ता मोकळा आहे, या'. काहींच्या बोलीत तोच उजवा म्हणजे 'थांबा, समोरून गाडी येतेय'. आणि नियमाच्या प्रमाणभाषेत उजवा म्हणजे उजवा: ट्रक खरोखरच उजवीकडच्या ढाब्याकडे किंवा पेट्रोल पंपाकडे वळणार आहे. एकाच शब्दाचे तीन अर्थ, त्यांतले दोन एकमेकांच्या विरुद्ध, आणि चुकीचा अर्थ लावला तर गाठ दहा चाकांशी. म्हणून एक साधा नेम ठेवावा. पुढच्याचा उजवा इंडिकेटर दिसला की तो वळणार असंच धरावं. परवानगी त्याची असली तरी डोळे आपलेच वापरावेत.

चार उघडझापी

भविष्यकाळ किती पुढचा असावा? हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. मागच्याने दिवा पाहायचा, त्याचा अर्थ लावायचा आणि पाय ब्रेकवर न्यायचा, यात दीड सेकंद सहज जातो. त्याच्यापुढे गाडीला वेग उतरवायला जागा हवी. म्हणून वळणाच्या निदान तीन सेकंद आधी दिवा लागला पाहिजे: शहरातल्या वेगाला हे अंतर साधारण ३३ मीटर, आणि द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाला तब्बल ८३ मीटर.

मीटर कोण मोजणार? मग उघडझापी मोजाव्यात. बहुतेक गाड्यांत दिवा मिनिटाला नव्वदीच्या आसपास लुकलुकतो, म्हणजे तीन सेकंदांत चार वेळा. चार टिकटिक ऐकू आल्या की मग हात हलवायचा. आरसा, इशारा, वळण हा क्रम आहे. आपल्याकडे बहुधा वळण, इशारा आणि मग समोरच्याच्या तोंडचा उद्धार, असा असतो.

ही टिकटिकही गमतीची आहे. जुन्या गाड्यांत फ्लॅशर नावाची डबी असायची. आत दोन धातूंची जोडपट्टी. वीज वाहिली की पट्टी तापून वाकायची आणि जोड तुटायचा, थंड झाली की सरळ व्हायची आणि पुन्हा जोडली जायची. त्या वाकण्याचा आवाज म्हणजे टिकटिक. आजच्या अनेक गाड्यांत अशी पट्टी नाही, आवाज स्पीकरमधून येतो. जिथे आवाजाची गरज उरली नाही तिथेही तो मुद्दाम ठेवला, कारण दिवा चालू असल्याची आठवण चालकाला राहायला हवी. एका बाजूची टिकटिक अचानक भराभर होऊ लागली, तर घाबरू नका. बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. गाडी ते तुम्हाला कळवते आहे.

मग देत का नाहीत?

'आपल्या लोकांना शिस्तच नाही' हे उत्तर मला पटत नाही. रिचर्ड पोन्झियानी या अमेरिकी अभियंत्याने २०१२ मध्ये १२,००० गाड्यांची पाहणी मांडली. वळताना चारांपैकी एक चालक इंडिकेटर देत नव्हता किंवा दिलेला बंद करत नव्हता, आणि लेन बदलताना जवळजवळ निम्मे. रोग जुना आणि सर्वदूर आहे. कारणं मात्र जागोजागची.

पहिलं कारण, 'मागे कुणी नव्हतंच'. खरं तर इंडिकेटर आपल्याला न दिसलेल्यांसाठीच असतो. जो दिसला त्याला आपण सांभाळतोच. आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यातला सायकलवाला, समोर रस्ता ओलांडायला थांबलेल्या आजी, गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली रिक्षा यांना आपल्या मनातलं कळायला दुसरा मार्ग नाही.

दुसरं कारण हाताच्या सवयीचं. बहुतेक मोटारींत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, युरोपीय घडणीच्या अनेक गाड्यांत डावीकडे. गाडी बदलली की पहिले आठ दिवस माणूस वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरवतो आणि मग कंटाळून काहीच लावत नाही. दुचाकीची गोष्ट उलटी. मोटारीत स्टिअरिंग सरळ झालं की दांडी आपोआप जागेवर येते. आपल्या बहुतेक दुचाकींत ती सोय नाही, इंडिकेटर आपल्या हाताने बंद करावा लागतो.

तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही, पण खरं तेच आहे: सांगितलं तर जागा मिळत नाही. डावीकडच्या लेनमध्ये यायचं म्हणून तुम्ही दिवा लावता आणि मागचा तो पाहतो. पाहून वेग कमी करत नाही, वाढवतो. दोन मिनिटांपूर्वी मोकळी असलेली जागा तुमच्या इशाऱ्याने भरून जाते. असा अनुभव दहा वेळा आला की अकराव्या वेळी माणूस न सांगताच घुसतो. हात दाखवून अवलक्षण, ही म्हण जणू आपल्या चौकांतच जन्माला आली.

म्हणून इंडिकेटर न देणाऱ्यावर संतापताना माझं एक बोट माझ्याकडेही वळतं. मराठीत आपण साइड 'मागतो' आणि साइड 'देतो', दोन्ही क्रियापदं आहेत. इंडिकेटर हे मागणं आहे, हक्क नाही. दिवा लावला म्हणून कुणाच्या अंगावर गाडी घालण्याचा परवाना मिळत नाही. पण मागणाऱ्याला कुणी कधी दिलंच नाही, तर मागण्याची रीतच बुडते. वर कायदा आहे: रस्त्यावर चालवण्याच्या नियमांचा भंग केला तर १७७-अ कलमाखाली ५०० ते १,००० रुपये दंड. पण चौकाचौकात प्रत्येक उघडझाप मोजायला पोलीस उभा राहू शकत नाही. मागच्याने अर्धा सेकंद पाय उचलला, तर पुढचा उद्याही दिवा लावील.

चारही लावले म्हणजे सरळ?

एक गैरसमज आजच मोडून टाकू. चौकातून सरळ जायचं म्हणून कित्येक जण चारही इंडिकेटर लावतात. पावसात, बोगद्यात, द्रुतगती मार्गावर तर सर्रास. ते दिवे बंद पडून उभ्या असलेल्या, म्हणजे अडथळा झालेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीत ते लावले की दोन घोटाळे होतात. मागच्याला तुमचं डावं-उजवं कळायचं बंद होतं, कारण आता तुम्ही लेन बदललीत तरी चारही दिवे तसेच लुकलुकत राहतात. आणि बाजूच्या रस्त्यावर थांबलेल्याला चारांपैकी त्याच्या बाजूचेच दिवे दिसतात. डावीकडच्या गल्लीतून पाहणाऱ्याच्या लेखी तुम्ही डावीकडे वळत असता, म्हणून तो निघतो. तुम्ही मात्र सरळ जाता. सरळ जाण्यासाठी कोणताही इशारा लागत नाही. काहीच न बोलणं म्हणजेच 'सरळ'.

मुठीची उघडझाप

आता त्या मंगळवारचा उरलेला भाग. टोमॅटो पिशवीत भरून मी निघालो. मनातल्या मनात त्या गृहस्थांना भविष्यकाळ शिकवत होतो. उदाहरणं सुचत होती, हा लेखही अर्धा तयार झाला होता. पुढच्या सिग्नलला थांबलो, तर शेजारी एक मुलगी स्कूटरवर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर रुमाल, पाठीवर सॅक. तिने माझ्याकडे पाहून उजव्या हाताची मूठ दोन-तीनदा उघडली आणि मिटली.

ही खूण कुठल्याही नियमावलीत नाही, ती आपल्या लोकांनीच घडवली. हाताच्या पाच शब्दांत घातलेला सहावा.

मी खाली पाहिलं. माझा उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. कधीपासून? आठवून पाहिलं. मंडईच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना लावला होता. म्हणजे ती पांढरी मोटार पुढे होती तेव्हाही तो चालूच होता. आरशात त्या गृहस्थांना दिसलं असेल की मागची स्कूटर उजवीकडे जाणार आहे. म्हणून ते निर्धास्त डावीकडे वळले. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, आणि मी खोटं सांगितलं होतं.

"काका, इंडिकेटर," ती मुलगी म्हणाली. मला खूण कळली नाही असं तिला वाटलं असावं. मी बटण दाबलं, तिला हात केला. सिग्नल सुटला. तिने डावा इंडिकेटर लावला. मी मोजलं: एक, दोन, तीन, चार. मग ती वळली. मी पाय ब्रेकवर ठेवून तिला जाऊ दिलं.

(पुढील लेखांक : अपर-डिपर, अर्थात डोळ्यांवर येणारं बोलणं)