पाठीमागून येणारे बल



वाहन एकदम वेगाने सुटले की आपण मागे ढकलले जात आहोत, असे वाटते. हा अनुभव सर्वांचा आहे; परंतु परीक्षेअंती तो टिकतो का, हे गणित करून पाहू.

अबू धाबी येथील 'फेरारी वर्ल्ड' या मनोरंजन उद्यानात २०१० साली 'फॉर्म्युला रोसा' ही रुळांवरून धावणारी गाडी सुरू झाली. द्रवदाबावर चालणारी यंत्रणा तिला ओढते आणि सुमारे ४.९ सेकंदांत तिचा वेग ताशी २४० किलोमीटर होतो. तीत ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा विद्यार्थी बसला आहे, असे समजू.

२४० ला ३.६ ने भागले असता वेग येतो सेकंदाला ६६.७ मीटर. गाडी स्थिर स्थितीतून निघाली; म्हणून ६६.७ भागिले ४.९, म्हणजेच १३.६ मीटर प्रति वर्ग सेकंद, हे तिचे सरासरी त्वरण. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बल म्हणजे वस्तुमान आणि त्वरण यांचा गुणाकार:

५० × १३.६ = ६८० न्यूटन.

विद्यार्थ्याचे वजन ५० × ९.८ = ४९० न्यूटन. म्हणजे हे बल त्याच्या वजनाच्या सुमारे १.४ पट झाले. १०० किलोग्रॅमच्या प्रवाशासाठी ते १३६० न्यूटन होईल. त्वरण मात्र दोघांचे एकच.

आता दिशा पाहा. शरीर जडत्वामुळे स्थिर राहू पाहते आणि आसनाची पाठ त्याला पुढे ढकलते. मागे खेचणारे बल तेथे नाहीच. आपल्याला जाणवतो तो आसनाचा दाब. त्याचा अर्थ मात्र आपण उलटा लावतो.

हे उत्तर सरासरीचे आहे, हेही विसरू नये. आसन घडविणाऱ्या अभियंत्याला सरासरीवर थांबता येत नाही. एखाद्या क्षणी येणारे सर्वाधिक बल त्याला विचारात घ्यावे लागते, कारण तेथे प्रश्न माणसाच्या प्राणांचा असतो.

तथागतांचा धम्म 'एहिपस्सिक' आहे: या आणि स्वतः पाहा. कालामांना त्यांनी परंपरा वा ग्रंथ यांवर आंधळेपणाने न विसंबण्याचा उपदेश केला. तीच दृष्टी विज्ञानाची. म्हणून हे सूत्रही केवळ पाठ करू नका. पुढील सहलीत बसचा वेगदर्शक काटा आणि घड्याळ सोबत पाहा. १० सेकंदांत वेग शून्यावरून ताशी ३६ किलोमीटर झाला, तर तुमच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सरासरी १ न्यूटन बल लागले. आपले वस्तुमान घ्या आणि उत्तर स्वतः काढा.