व्हॉल्व्हच्या झाकणाचे बोल्ट किती आवळावेत?

पनवेल तालुक्यात पाऊस स्थिरावला की भातखाचरांत चिखलणीची घाई सुरू होते. खाडीलगतच्या खार जमिनीत ही घाई विशेष असते. तेथे पावसाच्या पाण्याने वरच्या थरातील क्षार धुऊन निघाल्यावाचून लावणी करता येत नाही, आणि राबातील रोपे तर वाढतच असतात. ‘पनवेल-3’ सारखी क्षार सहन करणारी जात लावली, तरी हंगाम शेतकऱ्यासाठी थांबत नाही. अशा ऐन वेळी पॉवर टिलरचे इंजिन तेल गळून बंद पडले, म्हणजे होणारी हानी केवळ तेलाची राहत नाही. पुष्कळदा या गळतीचे मूळ एखाद्या लहानशा बोल्टात आढळते.

टॅपेट तपासण्यासाठी इंजिनाच्या माथ्यावरील जे झाकण काढावे लागते, तेच व्हॉल्व्हचे झाकण होय. त्याखाली कॉर्कचे अथवा रबराचे पॅकिंग असते. या झाकणावर सिलिंडरमधील स्फोटाचा दाब येत नाही. तेल आत ठेवणे व धूळ-चिखल बाहेर ठेवणे एवढेच त्याचे काम. सिलिंडर हेडचे नट ज्या जोराने आवळतात, त्याच जोराने हे बोल्ट आवळणे म्हणूनच चुकीचे ठरते. परंतु नेमके तेच घडते. तेलाचा ओघळ दिसताच पाना आणखी अर्धा फेरा फिरविला जातो. पत्र्याचे झाकण बोल्टाजवळ खाली दबते, दोन बोल्टांच्या मधल्या भागात उचलले जाते, कॉर्क चिरडतो आणि गळती पूर्वीपेक्षा वाढते. हेड ॲल्युमिनियमचे असल्यास त्यातील आटे निघून येतात. मग लेथच्या कारखान्याची वाट धरावी लागते.

बोल्ट फिरविण्याच्या जोरास टॉर्क म्हणतात. पान्यावर लावलेला जोर आणि बोल्टाच्या मध्यापासून हातापर्यंतचे अंतर यांचा तो गुणाकार होय. लहान पान्याऐवजी लांब पाना घेतला की हातास न कळत टॉर्क वाढतो, तो यामुळेच. 6 मिलिमीटर जाडीच्या बोल्टास साधारणतः 8 ते 10 न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. तथापि इंजिनासोबत मिळालेल्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

टॉर्क दाखविणारा पाना प्रत्येक घरी असणे शक्य नाही. वजन करण्याचा स्प्रिंगचा काटा मात्र बहुधा असतो, आणि तो येथे उत्तम उपयोगी पडतो. 10 न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ 1 किलो वजनाचा जोर 1 मीटर अंतरावर. तेव्हा बोल्टाच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर काट्याचा आकडा अडकविल्यास 5 किलोपर्यंत, पाना आखूड असून 12.5 सेंटिमीटरवर अडकविल्यास 8 किलोपर्यंत ओढावे. काटा पान्याशी काटकोनात धरावा व झटका न देता सावकाश ओढावा. आडव्या धरलेल्या काट्याची सुई शून्यावर आहे ना, हे आधी पाहावे. असे दोन-चार वेळा केल्यावर हातालाही अंदाज येऊ लागतो.

हे काम इंजिन थंड असताना करावे. जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडून दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्यावेत. खरवड इंजिनात पडू देऊ नये. आटे कोरडे व स्वच्छ असावेत, कारण तेलकट आट्यांत घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला बोल्ट अधिक ताणला जातो. सर्व बोल्ट प्रथम बोटांनी बसवावेत. नंतर मधल्यापासून सुरुवात करून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळावेत. एकच बोल्ट पुरता आवळून मग दुसऱ्याकडे वळल्यास झाकण तिरपे बसते. नवे कॉर्क पॅकिंग पहिल्या वापरानंतर किंचित दबते. म्हणून इंजिन पुन्हा थंड झाल्यावर टॉर्क एकदा तपासावा.

इतके करूनही तेल झिरपत असेल, तर पान्याला हात लावण्यापूर्वी ब्रीदर पाहावा. इंजिनातील वायू बाहेर जाण्याची ही वाट चिखलाने बुजली, की आतील दाब वाढून तेल पॅकिंगमधून बाहेर ढकलले जाते. त्यावर इलाज बोल्ट आवळण्याचा नसून ब्रीदर काढून डिझेलने धुण्याचा आहे. गळालेले तेल टिलरच्या पट्ट्यावर आले असल्यास तोही पुसावा, नाहीतर चिखलात ओढ लागताच पट्टा घसरू लागतो.