नोकरदारास हवें तें महाविद्यालय

नंदुरबारच्या मिरचीबाजारांत दिवसभर हिशेब लिहिणाऱ्या मुनिमानें पदवी घ्यावयाची, तर ती केव्हां? महाविद्यालयाचे तास आणि बाजाराची वेळ बहुधा एकच! विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२४ सालीं तीन वर्षांची पदवी पांच सत्रांत पुरी करण्याची वाट मोकळी केली, हें स्तुत्यच आहे. परंतु तीत दर सत्राचा भार वाढतो. ज्यास दिवस मोकळा, त्यासच ती सोयीची. नोकरदारास उणीव वर्षांची नव्हे, तासांची आहे.

हें मर्म पूर्वसूरींनीं ओळखिलें होतें. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं श्रमकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढिली, डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं स्थापिलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयानें नोकरदारांसाठीं सकाळचे वर्ग भरविले. नाशिकचें मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देत आहे खरें. पण दूर बसून वाचणें निराळें व गुरूसमोर रोज शंका विचारणें निराळें.

तेव्हां महाविद्यालयांनीं आपलीं दारें पहांटे व रात्रीं उघडावीं. व्यापारी बंधूंनीं आपल्या माणसांस परीक्षेपुरती तरी पगारी रजा द्यावी. शिकलेला मुनीम पेढी सोडून जाईल, हें भय खोटें नव्हे. पण शिक्षणावांचून अडवून राखलेला माणूस कोणत्या पेढीस शोभेल?