लिनक्समधून डेकनेटची निवृत्ती

डेकनेट
अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९७५ मध्ये आपले पीडीपी-११ संगणक एकमेकांना जोडण्यासाठी तयार केलेला प्रोटोकॉल-संच म्हणजे डेकनेट. त्याच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राचा पत्ता १६ बिटांचा असे: ६ बिट क्षेत्रासाठी आणि १० बिट त्या क्षेत्रातील यंत्रासाठी. म्हणजे जास्तीत जास्त ६३ क्षेत्रे आणि प्रत्येकात १,०२३ यंत्रे. एखाद्या कंपनीच्या अंतर्गत जाळ्याला एवढे पुरत असे, जगभरच्या जाळ्याला पुरणे शक्य नव्हते. ती जागा पुढे टीसीपी/आयपीने घेतली. लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत डेकनेट आले ते २००१ मध्ये, म्हणजे त्याचा बहर ओसरल्यावर.

कर्नलमधील रचना
लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक प्रोटोकॉल-कुटुंबाला एक क्रमांक असतो. एखाद्या प्रोग्रामने त्या क्रमांकाचा सॉकेट, म्हणजे जाळ्यावरील संवादाचे टोक, मागितला की संबंधित मॉड्यूल आपोआप स्मृतीत चढवले जाते. ही मागणी करायला प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. सोय म्हणून केलेल्या या योजनेमुळे कोणी वापरत नसलेला कोडही एका मागणीसरशी जागा होऊ शकतो. धोका इथूनच सुरू होतो.

इकोनेटचा दाखला
इकोनेट हा ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा प्रोटोकॉल. तो प्रामुख्याने शाळांमधील बीबीसी मायक्रो संगणक जोडत असे. २०१० मध्ये सुरक्षा-संशोधक डॅन रोझेनबर्ग यांनी त्याच्या लिनक्समधील कोडातल्या त्रुटींना कर्नलमधील दुसऱ्या एका त्रुटीची जोड दिली आणि साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार मिळवता येतात हे सिद्ध केले. त्यासाठी त्या यंत्राला इकोनेटची तार जोडलेली असण्याची गरज नव्हती, मॉड्यूल उपलब्ध असणे पुरेसे होते. २०१२ मध्ये, ३.५ या आवृत्तीत, इकोनेट काढून टाकण्यात आले.

देखभालीचा भार
मार्गनिश्चिती, शेजारी यंत्रांची नोंदवही, पाकिटांची हाताळणी या सामायिक यंत्रणा अनेक प्रोटोकॉल वापरतात. त्यांत बदल केला की डेकनेटचा कोडही बदलावा लागे. पण तो बदल तपासून पाहण्यासाठी डेकनेटचे जाळे बहुतेकांकडे नसे. न तपासलेल्या दुरुस्त्यांचे थर असे साचत जातात.

निवृत्तीचे टप्पे
२०१० मध्ये डेकनेट ‘अनाथ’ घोषित झाले, म्हणजे त्याला देखभालकर्ता उरला नाही. उबुंटूने दुर्मीळ प्रोटोकॉलांची मॉड्यूल आपोआप चढण्यावर बंदी घातली, त्या यादीत डेकनेटही होते. २०२२ मध्ये स्टीफन हेमिंगर यांनी ते हटवण्याचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत सुमारे १२ हजार ओळी गेल्या. प्रोग्रामांना लागणाऱ्या हेडर फाइली मात्र मुद्दाम ठेवल्या, कारण त्या काढल्या असत्या तर जुने प्रोग्राम कंपाइलच झाले नसते. एक रिकामी शेजारी-नोंदवहीही मागे राहिली.

मर्यादा आणि पर्याय
कर्नल बदलताना वापरकर्त्यांचे चालू काम मोडू नये, हा लिनक्सचा जुना दंडक. डेकनेटचे वापरकर्तेच जवळजवळ उरले नव्हते, म्हणून तो आड आला नाही. जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींचे हेकनेट हे जाळे मात्र टिकून आहे. त्यांच्यासाठी पायथनमध्ये लिहिलेले पायडेकनेट आहे. ते कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रामसारखे चालते. डेकनेटची योग्य जागा तीच: तेथील चुकीने सहसा तो प्रोग्रामच बंद पडतो, कर्नल धोक्यात येत नाही.