माथ्यावरचा सूर्य आणि मोशीची शाळा

त्वचेचा रंग हा आपण दिसण्याचा विषय समजतो. पण तो एक पडदाही आहे. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरहून कमी. तरंगलांबी जितकी कमी, तितकी प्रत्येक फोटॉनची ऊर्जा जास्त, हे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. २८० ते ३१५ नॅनोमीटर या पट्ट्यातील फोटॉन पेशींतील डीएनएला इजा करतात. अशी इजा वर्षानुवर्षे साठत गेली, तर कर्करोग होऊ शकतो. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य यांतले पुष्कळ किरण वरच्यावर शोषून घेते.

मग ज्यांच्या त्वचेत मेलॅनिन जवळजवळ नसतेच, त्यांचे काय? या जन्मजात, आनुवंशिक अवस्थेला वर्णकहीनता म्हणतात. (हे कोड नव्हे, कोड मागाहून उद्भवते.) पूर्व आफ्रिकेतील टांझानियात सुमारे १,४०० माणसांत एक जण वर्णकहीन असावा, असा अंदाज आहे. हा देश विषुववृत्ताजवळचा. सूर्य माथ्यावर असला की किरणांना कमीत कमी हवेतून यावे लागते. तोच क्षितिजापासून ३० अंशांवर असला, तर जवळजवळ दुप्पट हवेतून. साहजिकच तेथे अतिनील किरण प्रखर असतात आणि उघड्यावर राबणाऱ्या कित्येक वर्णकहीनांना ऐन तारुण्यात त्वचेचा कर्करोग गाठतो.

उपाय तसे साधे आहेत. घट्ट विणीचे, लांब बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि ऊनरोधक मलम. एस.पी.एफ. ३० चे मलम नीट, पुरेसे लावले, तर त्वचा भाजणाऱ्या किरणांचा सुमारे तिसावा भागच आत जातो. शिवाय रोग सुरुवातीलाच ओळखला, तर बहुधा लहानशा शस्त्रक्रियेने भागते.

पण ओळखणार कोण? आफ्रिकेतील अनेक देशांत दहा लाख लोकांमागे एकही त्वचारोगतज्ज्ञ नाही. यावर तोडगा म्हणून १९९२ साली टांझानियातच, किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी गावी प्रादेशिक त्वचारोग प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पदवीधर डॉक्टर नसलेले, पण रुग्ण तपासून औषध देणारे ‘क्लिनिकल ऑफिसर’ येथे दोन वर्षे शिकतात. खरूज, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा, न भरणारा संशयास्पद व्रण ओळखायला शिकून ते आपापल्या भागात परततात. वर्णकहीनांसाठी ऊनरोधक मलम बनवण्याचे कामही या केंद्राने हाती घेतले. जाणती नजर गावापर्यंत पोचली, तरच मलमाचा उपयोग!

महाराष्ट्रही उष्ण कटिबंधातच आहे. दुपारी मैदानावर आपली सावली मोजा. ती उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य ४५ अंशांहून वर आहे. अतिनील किरणांपासून जपायची हीच वेळ. आणि शिक्षकांनी लक्षात ठेवावे : वर्गात वर्णकहीन विद्यार्थी असेल, तर त्याला कवायतीच्या वेळी सावलीत उभे करा. अशा मुलांची नजरही बहुधा अधू असते. म्हणून वर्गात त्याला पहिल्या बाकावर जागा द्या.