बाळ घरी नेण्यापूर्वी

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानुसार जन्मतःच क्षयरोगाविरुद्धची बीसीजी, पोलिओ थेंबांची ‘शून्य मात्रा’ आणि हिपॅटायटिस-बीची लस देतात. यांपैकी शेवटची २४ तासांच्या आत देणे विशेष महत्त्वाचे, कारण मातेकडून बाळाला होणारा यकृतदाहाचा संसर्ग ती रोखते.

याच वेळी देतात, पण लस नव्हे: रक्तस्राव टाळण्यासाठीचे ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन.

चाळणी तपासणी, म्हणजे लक्षणे दिसण्यापूर्वीच दोषाचा शोध: टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून जन्मजात थायरॉइड-न्यूनता कळते आणि वेळीच उपचार झाल्यास बौद्धिक वाढ खुंटत नाही, मात्र यासाठी मोजले जाणारे टीएसएच हे संप्रेरक जन्मानंतर लगेच स्वाभाविकपणेच वाढलेले असल्याने हा नमुना शक्यतो ४८ ते ७२ तासांदरम्यान घेतात.

अशा आणखी दोन तपासण्या: श्रवणचाचणी, हृदयदोषासाठी रक्तातील प्राणवायूचे मापन.

असे जन्मदोष शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला.