भंगारात घालण्याआधी कार्बुरेटर उघडा

मुंबईत रे रोड स्टेशनाजवळ दारूखाना आहे. मोडलेल्या जहाजांचे लोखंड तिथे वर्षानुवर्षे वजनावर विकले गेले. तुमच्या गोठ्यात उभी असलेली जुनी जावा किंवा राजदूतही भंगारवाल्याच्या काट्यावर अशीच किलोने जाईल. पण जरा थांबा! पुष्कळदा इंजिन धडधाकट असते, तुंबलेला असतो तो कार्बुरेटर.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि तळाला लाखेसारखा चिकटा बसतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही असते (आपल्याच उसाचे म्हणा!). ते पाणी ओढून घेते.

चूल, विडी दूर ठेवून उघड्यावर बसा. पेट्रोलचा कॉक बंद करा. निघालेले भाग जुन्या परातीत क्रमाने मांडा. लहान जेट उजेडाकडे धरा. भोक दिसले नाही तर ते पेट्रोलमध्ये भिजवा, मग सायकलच्या पंपाने हवा मारा. तार मात्र घालू नका. पितळ मऊ असते. भोक केसभर वाढले तरी गाडी जास्त पेट्रोल पिते, प्लग काळा पडतो. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत खळखळले तर तो फुटला, बदला.

सारे जोडल्यावर कॉक उघडून पाच मिनिटे थांबा. कुठे गळत नसेल तरच किक मारा.